दोर धरणारा भाऊ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. लहान असाल तर मोठ्यांना टेकून बसा. मोठे असाल तर मध्येच उठून जाऊ नका. या गोष्टीत एक जागा अशी येते, की सांगणाऱ्यालाही उठून जावंसं वाटतं.

त्या गावाच्या डोक्यावर एक उभा कडा होता. कड्याच्या पोटाला आग्या माश्यांची मोहोळं लोंबत, एकेक पाळण्याएवढं. गावात माती थोडी आणि दगड फार. म्हणून गाव मधावर जगायचं.

मध काढायची रीत ठरलेली होती. दोघांनी जायचं, आणि ते दोघे एका रक्ताचे हवेत. एकाने कमरेला अंबाडीचा दोर बांधून कड्याखाली उतरायचं. दुसऱ्याने वर पाय रोवून बसायचं, दोराचं दुसरं टोक आपल्या कमरेला बांधून. कड्यावर झाड नव्हतं. खडक ठिसूळ होता. भरवसा ठेवावा असा वर फक्त माणूसच होता.

खाली गेलेला वरच्याला दिसत नसे. माश्यांच्या घोंघावण्यात शब्द कळत नसत. म्हणून खालच्याने मधूनमधून "हूऽऽ" करून हाक मारायची आणि वरच्याने "ओऽऽ" द्यायची. ओ आली म्हणजे वर कोणीतरी आहे. तेवढं कळलं की खालच्याचे हात थरथरत नसत.

आणि ओ आली नाही तर? तर पुन्हा एकदा हाक मारायची. दुसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर वरचा घसरतो आहे असं समजायचं. आपल्या वजनाने आपण त्याला ओढतो आहोत असं समजायचं. मग खालच्याने आपल्या कमरेची गाठ सोडायची. एक गेला तर गेला, दोघे जायचे नाहीत, असा तो नियम. पोरांना तो चालायला यायच्या आधी शिकवत. तो पाळायची वेळ आलेली मात्र कोणी पाहिली नव्हती.

त्या गावात दोन भाऊ होते. आईवडील तापाच्या साथीत गेले तेव्हा थोरला चौदा वर्षांचा होता आणि धाकटा चार. थोरल्याने धाकट्याला पाठीवर बांधून लाकडं आणली, नदीवर नेऊन आंघोळ घातली, भाकरीचा मऊ भाग त्याला देऊन करपलेली कड आपण खाल्ली. आधी तो चुलत्याच्या दोरावर उतरायचा. धाकटा मोठा झाला, तसा तो वर बसायला लागला. मग थोरला उतरायचा आणि धाकटा ओ द्यायचा. दोघांचं बरं चाललं होतं.

कड्याच्या उत्तरेच्या अंगाला एक जांभळं फूल फुलायचं. त्या फुलावर गेलेल्या माश्यांचा मध काळपट असायचा. गाव त्याला भुलीचा मध म्हणायचं. तो कोणी काढत नसे. जो चाटेल त्याचे ओठ काळे पडत आणि डोकं हलकं होई.

एके दिवशी थोरला वर आला, तेव्हा त्याचे ओठ काळे होते आणि तो हसत होता.

"दादा, हे काय केलंस?" धाकट्याने विचारलं.

"धाकल्या, तुला कसं सांगू? सगळं जवळ येतं बघ. आई जवळ येते. माश्या चावत नाहीत. तो खडकसुद्धा आपला भाऊ वाटतो."

"खडक भाऊ वाटतो? मग इथे दोर धरून हाताची सालटी निघालेला हा कोण?"

"तू पण," थोरला म्हणाला.

"तू पण! म्हणजे आधी खडक, मग मी."

थोरला हसत राहिला. धाकट्यालाही थोडं हसू आलं. त्या दिवशी दोघांनाही ती गंमतच वाटली.

मग थोरला रोज उत्तरेकडे उतरायला लागला. दोर धरला नाही तर तो एकटाच उतरायला निघे, म्हणून धाकटा धरायचा. चांगल्या मधासाठी नेलेला भोपळ्याचा तुंबा रिकामाच वर येऊ लागला. न चाटता दुपार झाली की त्याचे हात कापत. चाटलं की संध्याकाळी तो अंगणात बसून भिंतीशी गप्पा मारी. शेजारचे म्हणत, "अरे, तुझा भाऊ आज भिंतीला काय सांगत होता?" धाकटा म्हणायचा, "तुमच्या घरातल्या गोष्टी." मग शेजारचे आपापल्या घरात शिरत.

धाकट्याने करायचं ते सगळं केलं. मध ओतून दिला. थोरल्याला खांबाला बांधून ठेवलं. शिव्या दिल्या, पाया पडला, आठ दिवस बोलणं टाकलं, पुन्हा बोलायला लागला. आईची शपथ घातली. ती शपथ दुपारपर्यंत टिकली. रोज संध्याकाळी तो थोरल्यासमोर उभा राहून म्हणायचा, "जीभ दाखव." आणि ज्याने त्याला वाढवलं, तो माणूस लहान पोरासारखी जीभ बाहेर काढायचा.

धाकट्याला एक गोष्ट कळत नसे. ज्या हाताने थोरला घरातला तुंबा चोरायचा, त्याच हाताने रात्री भाकरीचा मऊ भाग याच्या ताटात ठेवायचा. यातला खरा कोणता हात? चोरणारा खरा असेल तर त्याला घराबाहेर काढता आलं असतं. वाढणारा खरा असेल तर त्याला मिठी मारता आली असती. दोन्ही एकाच माणसाचे होते, म्हणून धाकट्याला काहीच करता येत नसे.

एकदा शुद्धीवर असताना थोरला म्हणाला, "धाकल्या, मला मध नको आहे. माझ्या आत एक जागा आहे, तिथून सारखा वारा येतो. चाटलं की तेवढा वेळ तो थांबतो. तो कायमचा थांबवणारं कोणी असेल, तर मला तिकडे ने."

डोंगराच्या मागे एका गुहेत एक साधू राहायचा. धाकटा थोरल्याला त्याच्याकडे घेऊन गेला.

साधू म्हणाला, "बाळ, सगळं एकच आहे. कोणी कोणापासून लांब नाही."

"महाराज, हे मला मधानेही सांगितलं होतं," थोरला म्हणाला.

साधूने जरा विचार केला. "मग एकांतात बस. तुला तुझ्यात देव भेटेल."

थोरला तीन दिवस एका गुहेत एकटा बसला. चौथ्या दिवशी तो बाहेर आला तो सरळ कड्याकडे पळत सुटला. धाकट्याने त्याला वाटेत गाठलं. "कोणी भेटलं का आत?"

"भेटलं की. मीच भेटलो," थोरला म्हणाला. "त्याच्यापासूनच तर पळतोय."

कड्याच्या पायथ्याशी, ओढ्याकाठी, एक म्हातारी राहायची. तिने वीस वर्षं भुलीचा मध चाटला होता आणि मग सोडला होता. तिच्या अंगणात सकाळी पाच-सहा माणसं जमत. ती सगळी मध सोडलेली, नाहीतर सोडू पाहणारी. ती तिथे बसून दोर वळत. धाकट्याला ही जागा माहीत होती. पण चाटणाऱ्यांच्या टोळक्यात भावाला कशाला न्यायचं, असं त्याला वाटायचं. आता दुसरं दार उरलं नव्हतं.

म्हातारीने थोरल्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जेवलास का?"

"नाही."

"मग आधी जेव. मग हे टोक धर."

एवढंच. तिने उपदेश केला नाही. दोर वळायला तिघे लागतात. एक अंबाडीचा वाख, म्हणजे सोललेले धागे, पुरवतो, एक पीळ देतो, आणि एक टोक धरून मागे मागे चालत जातो. काम सुरू करण्याआधी प्रत्येकजण एकच वाक्य बोलायचा. "काल चाटला नाही," किंवा "काल चाटला." बाकीचे दोन्हीला सारखीच ओ द्यायचे.

धाकट्याला हे पटलं नाही. "चाटला म्हणणाऱ्यालाही ओ? मग फरक काय राहिला, आजी?"

"फरक त्याला माहीत असतो," म्हातारी म्हणाली. "माझ्या नवऱ्याने मला अकरा वेळा घराबाहेर काढून तो फरक समजावला. बाराव्या वेळी मी आपणहून गेले. सरळ कड्यावर."

"मग मी काय करू?"

"ओ दे. बाकी काही करू नकोस."

"एवढंच?"

"एवढंच जमत नाही रे कोणाला."

थोरला रोज जाऊ लागला. पहिले काही दिवस त्याने "चाटला" असंच म्हटलं. मग एक दिवस "नाही" म्हणाला. मग दोन दिवस, मग पुन्हा घसरला, मग दहा दिवस. मग तीन महिने झाले. त्याच्या ओठांचा रंग परत आला. एक दिवस धाकट्याने विचारलं, "दादा, असं काय आहे तिथे?"

थोरला म्हणाला, "मी टोक सोडलं, तर पलीकडच्याचा पीळ उलगडतो. म्हणून मी सोडत नाही."

"आणि तो आतला वारा?"

"येतो. पण कामात असलो की लक्ष जात नाही."

"देव भेटला का मग?"

"कोणास ठाऊक. दोराच्या दुसऱ्या टोकाला एक चकणा गुराखी भेटला. माझ्याकडे बघतो की ओढ्याकडे, तेही कळत नाही. सध्या तोच."

धाकटा हसला, पण त्याच्या मनात काहीतरी खुपलं. दहा वर्षं दोर मी धरला. सालटी माझ्या हातांची निघाली. आणि याला बरं केलं कोणी, तर चकण्या गुराख्याने? त्याला आनंद झाला होता आणि रागही आला होता. कुठला किती, ते त्याला सांगता आलं नसतं. त्यामुळे थोरला तीन महिने शुद्धीत होता, तरी संध्याकाळी धाकटा म्हणायचाच, "जीभ दाखव." थोरला दाखवायचा. एकदाच तो म्हणाला, "अजून किती दिवस रे?"

मग एका सकाळी थोरला म्हणाला, "चल, आज कड्यावर जाऊ. घरात दाणा नाही."

"तू उतरणार? आजीला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, कडा काही कुठे जाणार नाही, तुला त्याच्यासमोर कधीतरी उभं राहायचंच आहे. वर ओ देणारा असला म्हणजे झालं."

दोघे वर गेले. दोन्ही गाठी धाकट्याने स्वतः बांधल्या. थोरला उतरला. दक्षिणेच्या अंगाला त्याने पहिलं मोहोळ काढलं. "हूऽऽ." "ओऽऽ." तुंबा भरून वर आला. चांगला, पिवळा मध. "हूऽऽ." "ओऽऽ."

मग धाकट्याच्या कमरेचा दोर सरकला. खडकावर घासत घासत तो उत्तरेकडे निघाला.

धाकट्याने पाय आणखी रोवले. तिकडे काय होतं, ते त्याला माहीत होतं. दोर थांबला. बराच वेळ हलला नाही. आणि मग खालून हाक आली. "हूऽऽ!" त्या हाकेत हसू होतं. चाटल्यावर थोरला असाच हसायचा.

धाकट्याला वाटलं, संपलं. तीन महिने संपले. सगळं खोटं होतं. ओ तोंडापर्यंत आली होती, ती त्याने दातांमागे अडवली. घे म्हटलं. एकदा बघ, ओ आली नाही की कसं वाटतं ते. मी इतकी वर्षं बघतोय.

दुसरी हाक आली. "हूऽऽ?"

नियम त्याला आठवला नाही असं नाही. आठवला. पण तो मनात म्हणाला, मधाने भुललेल्या माणसाला नियम कुठला आठवायला? अजून एक श्वास थांबू. एकच श्वास.

तेवढ्यात दोर हलका झाला.

हीच ती जागा. मी उठत नाही, तुम्हीही उठू नका.

धाकट्याने मग ओ दिली. पुन्हा दिली. घसा फाटेपर्यंत दिली. खाली फक्त माश्या घोंघावत होत्या.

तो धावत, घसरत, गुडघे फोडून घेत पायथ्याशी पोहोचला. ओढ्याकाठी म्हातारी आणि दोर वळणारी माणसं उभी होती. थोरल्याला त्यांनी आधीच गवतावर निजवलं होतं आणि त्याच्या तोंडावरची माती पुसली होती.

"चाटला होता ना त्याने?" धाकटा ओरडला. "सांग, म्हातारे! चाटला होता ना?"

म्हातारीने त्याला जवळ बसवलं. मग तिने जे खालून पाहिलं होतं, ते सांगितलं. "आम्ही वाख धूत होतो. वारा आमच्या बाजूला वाहत होता, म्हणून त्याचे शब्द कळले. वरून तो ओरडला, आजी, बाजूला व्हा, टाकतोय! आम्ही सरकलो. त्याने भुलीचं मोहोळ देठापासून कापलं आणि तसंच्या तसं सोडून दिलं. आमच्यासमोर ओढ्यात पडलं, वाहून गेलं. कोयत्याला मध लागला होता, तो त्याने खडकाला पुसला. बोटसुद्धा तोंडाकडे नेलं नाही. मग हसला. मोठ्याने हसला. आणि तुला हाक मारली."

"आणि?"

"दुसरीही मारली. मग ओरडला, माझा धाकला घसरतोय! गाठ सोडायला त्याला वेळ लागला नाही."

धाकट्याने भावाच्या कमरेवर हात फिरवला, तिथे गाठ नव्हती. मग म्हणाला, "म्हणजे मी मारलं त्याला."

म्हातारी थोरल्याच्या केसांतली माती काढत राहिली.

"बोल ना! हो म्हण, नाहीतर नाही म्हण!"

"मला माहीत नाही, पोरा," ती म्हणाली. ती खरंच बोलत होती.

धाकटा पंचांकडे गेला आणि शिक्षा मागितली. पंच म्हणाले, "नियमाप्रमाणे झालं. शिक्षा कसली?"

"नियम त्याने पाळला. मी काय पाळलं?"

पंचांनी त्याला घरी जायला सांगितलं.

तो साधूकडे गेला. साधू डोळे न उघडता म्हणाला, "बाळ, तो कुठेही गेलेला नाही. सगळं एकच आहे."

धाकट्याने साधूचा कमंडलू उचलला आणि दरीत भिरकावला. "तोही कुठे गेलेला नाही," तो म्हणाला आणि निघून आला. साधूने त्या दिवशी पहिल्यांदा डोळे उघडले, असं म्हणतात.

शेवटी तो ओढ्याकाठी परत गेला. त्याने कधी मध चाटला नव्हता. तिथे बसायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेही त्याला कळत नव्हतं. कोणी विचारलं नाही. थोरला जे टोक धरायचा ते मोकळंच होतं. त्याने ते धरलं. पलीकडे चकणा गुराखी होता. सकाळी सगळ्यांची वाक्यं झाल्यावर धाकट्याची पाळी आली, तेव्हा तो म्हणाला, "मी ओ दिली नाही." त्यालाही सगळ्यांनी ओ दिली. ते ऐकून बरं वाटलं की जास्त दुखलं, ते त्याला कधीच ठरवता आलं नाही.

काही दिवसांनी चकणा गुराखी आला तो काळे ओठ घेऊन. थोरल्याचा तो सोबती होता. थोरला गेला आणि त्याचा तोल गेला. सगळ्यांच्या मध्ये उभा राहून तो म्हणाला, "काल चाटला नाही." आणि मान खाली घातली.

कोणाचीच ओ आली नाही. धाकट्याच्या हाताची मूठ वळली. माझा भाऊ न चाटता मेला, आणि हा चाटून वर खोटं बोलतो! तो उठला, गुराख्यासमोर जाऊन उभा राहिला. गुराख्याने डोळे मिटून घेतले. मार खायची त्याची तयारी होती. कदाचित तेच त्याला हवं होतं.

धाकट्याची मूठ खाली आली. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. पाठीमागून कोणी सांगत नव्हतं. मग त्याच्या तोंडून निघालं, "ओ."

गुराख्याने डोळे उघडले.

"भाकरी खाल्लीस का?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

"मग आधी खा. पीळ द्यायला तुझ्याशिवाय माणूस नाही."

गुराख्याने दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी खाताना तो रडायला लागला आणि म्हणाला, "चाटला होता." "ठाऊक आहे," धाकटा म्हणाला. दुपारपर्यंत त्यांनी वीस हात दोर वळला. दुसऱ्या दिवशी गुराखी आला. तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी पुन्हा आला, आणि तेव्हापासून तो येतच राहिला. आपण केलं ते बरोबर होतं का, हे धाकट्याला शेवटपर्यंत कळलं नाही. गुराखी जिवंत राहिला, एवढं मात्र त्याला ठाऊक होतं.

बोध: सुटू पाहणाऱ्या माणसाने हाक मारली, तर त्याची परीक्षा घेत बसू नये, आधी ओ द्यावी.